सासूबाईंच्या गालावरची देवी

माझा हात लवकर उठतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचून कोणी नवल करायला नको. कॉलेजात असताना मी कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा माझ्या पंजात सापडला की सुटायचा नाही. ती तोंडावर तरी पडायची, नाहीतर तिचा गुडघा तरी जायचा. पुढे अमरावतीत मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मैदानाच्या तारेशी उभ्या राहणाऱ्या टवाळांना मी शिट्टीनं नाही, हातानं पळवलं. मुलींवर हात कधी उचलला नाही. त्यांच्यातल्या एकीच्या बापावर उचलला होता, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मग लग्न झालं, बाळंतपणं झाली. खेळ सुटला, खेळाडूची भूक काही सुटली नाही. अंग सुटत गेलं आणि त्याच्या मागोमाग साखर आली. आधी गोळ्या, मग आणखी गोळ्या, मग प्रत्येक जेवणाआधी पोटात सुई. एकदा शेअरिंगच्या रिक्षात एक माणूस म्हणाला, "बाई, दोघींचे पैसे द्या, दोघींची जागा घेऊन राहिल्या तुमी." मी त्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढला आणि त्याचं डोकं रिक्षाच्या टपावर आपटलं. रिक्षावाल्यानं मध्ये पडून सोडवलं. घरी आले, न्हाणीघराचं दार लावलं आणि माझ्याच पोटाला बुक्क्या मारत बसले. त्या माणसापेक्षा मला माझ्या पोटाचा राग जास्त होता. हे मी पुष्कळदा केलं आहे. सुया टोचून निळ्या पडलेल्या जागी बुक्की बसली की कळ डोक्यात जायची आणि दोन मिनिटं बरं वाटायचं.

त्यानंतर खिळ्याचं झालं. वार्षिक खेळांसाठी मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारत होते. दिवसभर चालले, ओरडले, शर्यती लावल्या. संध्याकाळी घरी बूट काढला तर मोजा निघेना. ओढला तेव्हा दिसलं की एका फळीचा खिळा तळव्यातून आत गेला होता आणि मी दिवसभर त्याच्यावर उभी होते. मला समजलंच नव्हतं. पुढे ती जखम चिघळली. डॉक्टर कात्रीनं मेलेलं मांस कापत होते आणि मी पंख्याकडे बघत पडले होते. दुखलं असतं तर मी त्यांना लाथ घातली असती. दुखलं नाही म्हणून रडले. दुसऱ्याच कोणाचा तरी पाय कापत असल्यासारखं वाटत होतं.

जखम भरायला फार वेळ लागला. भरली तेव्हा त्याच डॉक्टरांनी मला एका सर्जनबाईंकडे पाठवलं. त्या माझ्याहून लहान, बोलायला सडेतोड. म्हणाल्या, पोटाचा बराचसा भाग कापून काढायचा, उरलेल्याची एक अरुंद पिशवी ठेवायची. वजन उतरतं, आणि टाइप टू डायबेटिसच्या पुष्कळ लोकांची साखर त्याच्या आधीच उतरायला लागते.

"म्हणजे साखर जाईल?" मी विचारलं.

"अनेकांची औषधं सुटतात. काहींची कमी होतात. काहींची साखर काही वर्षांनी परत येते. हमी देणारा डॉक्टर भेटला तर तिथून उठून या," त्या म्हणाल्या. मग जन्मभर घ्यायची व्हिटॅमिनं, चिमणीएवढे घास, भूल देण्यातला धोका, टाका उसवण्याचा धोका असं सगळं न चुचकारता सांगितलं. शेवटी माझ्या पायाकडे बघून म्हणाल्या, "हा पाय अजून तुमचा आहे. पुढच्या खिळ्याला राहील का, ते मी सांगू शकत नाही."

मला ती बाई आवडली. इतकी वर्षं जे पोट मला बडवत होतं, त्याला कोणीतरी सुरी दाखवत होतं. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, पुढच्या आठवड्यातली तारीख मी तिथेच ठरवून आले.

आमच्या यजमानांचं अमरावतीत विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. माणूस गरीब, आवाज न चढवणारा. ते म्हणाले, "आईले विचारून घेऊ एक खेप." त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अकोल्याला जुन्या शहरात मोठ्या मुलाकडे राहतात. फोनवर ऐकल्याबरोबर त्या कडाडल्या.

"कापाचं? चांगलं धडधाकट पोट कापाचं? ज्या पोटानं दोन लेकरं देल्ली ते?"

"आई, लेकरायचं पोट वेगळं असते, खाण्याचं वेगळं," मी म्हटलं.

"पोट थे पोटच! आमच्या घरात कोनी कापून घेत नाई."

त्यांच्या बोलण्याला कारण होतं. माझे सासरे अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आपल्या पायांनी चालत गेले होते आणि चौघांच्या खांद्यावर परत आले. तेव्हापासून त्या घरात ऑपरेशन म्हणजे तिरडी. मी हे जाणून होते, तरी फोन भिंतीवर फेकला. आपण हो म्हणू की नाही, हे यजमानांनी सांगितलं नाही. ते फोनचे तुकडे गोळा करत बसले.

कागदावर माझी एकटीची सही चालणार होती. पण भुलीतून उठल्यावर डोळ्यांसमोर पंखा नको होता, माणूस हवं होतं. आणि ते माणूस आईच्या शब्दाबाहेर जाणारं नव्हतं. मग ठरलं की महालक्ष्म्यांना अकोल्याला जायचं आणि समोरासमोर बोलायचं.

महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस आमच्या घरी मोठा. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वर टांगलेला फुलोरा, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कोणाच्या तोंडात दाणा नाही. त्या वर्षी सांगितलेली सवाष्ण सकाळीच तापानं पडली, म्हणून सासूबाईंनी मला पाटावर बसवलं. माझे पाय धुतले. तळव्यावरच्या खोल वणाला त्यांचं बोट लागलं तसं त्या थबकल्या. माझे केस मोकळे सोडले, कपाळभर मळवट भरला. मी सकाळपासून बिनसाखरेच्या चहावर होते. तेवढ्यात आतून थोरल्या जाऊबाईंची हाक आली, "पानं घेतली हो!" ते ऐकून मी बाजूच्या खोलीत गेले आणि सुई टोचून घेतली. पुरणपोळीचा विचार करून जरा जास्तच घेतली. परत येऊन पाटावर बसले.

पानं घेतली होती, पण आरती थोरल्या मुलाच्या हातची, आणि माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यांच्या बहिणीला आणायला मूर्तिजापूरला गेलेले. त्यांची गाडी वाटेत बंद पडली. कोणी म्हणे आले, कोणी म्हणे येऊन राहिले. समोर वाढलेलं पान. मला घाम सुटला. पर्समध्ये ग्लुकोज होतं, पर्स दुसऱ्या खोलीत. पान समोर आल्यावर सवाष्णीनं पाटावरून उठायचं नाही, म्हणून मी बसून राहिले. इथपर्यंत मला आठवतं. पुढचं मी फोनवर बघितलं आहे.

पुतणी महालक्ष्म्यांच्या सजावटीचा व्हिडिओ काढत होती, त्यात हे सगळं आलं. एक जाडजूड बाई पाटावर डोलते आहे. केस मोकळे, मळवट घामानं ओघळून नाकावर आलेला, डोळे फिरलेले. तिच्या घशातून गुरगुर येते. मग ती दोन्ही हातांनी समोरच्या पानातल्या पुरणावर झडप घालते.

"अवं, नैवेद्य नाई झाला अजून! धरा तिले, धरा!" जाऊबाई ओरडतात.

चौघीजणी तिला धरतात. ती एकीला कोपरानं उडवते, दुसरीच्या पोटात डोकं घालते, तिसरीचा हात पिरगाळते. चौथी आपणहून सोडते. कबड्डीच्या माझ्या चांगल्या दिवसांतही इतकी साफ सुटका मी केली नव्हती. कढीचं भांडं लवंडतं. एका महालक्ष्मीचा मुखवटा कलतो. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी किंचाळतं, "अंगात आली वं! माय आली!"

मग सगळ्यांचे चेहरेच बदलतात. हात जोडले जातात. जाऊबाई माझ्या नाकासमोर कापूर पेटवतात. मला साखरेची एक चिमूट हवी होती आणि त्या बायका मला धूर देत होत्या. सासूबाई पुढे येऊन गुडघ्यांवर बसतात.

"माय, आरतीले उशीर झाला म्हणून रागावली का?"

बाई गुरगुरते.

"चुकलं माय, पदरात घे. आता आलीच हाय त सांगून जाय. ह्या सूनबाईचं पोट कापाचं म्हणून राहिले हे लोक. कापू देऊ का?"

आणि माझा हात उठतो. उजवा, पूर्ण मागे जाऊन आलेला. आवाज फोनमधूनही असा येतो की पहिल्यांदा ऐकताना मी दचकले. सासूबाई आडव्या होऊन वाढलेल्या पानांवर पडतात. ओठ फाटतो, पांढऱ्या रांगोळीत रक्त पडतं. कोणी ओरडत नाही. त्या हळूहळू उठतात, पदर सावरतात आणि रक्ताळलेल्या तोंडानं माझ्या पायांवर डोकं ठेवतात. त्यांच्यामागून सगळ्या बायका ठेवतात.

एवढ्यात यजमान बाहेरून येतात. देवीकडे न बघता माझ्या घामाकडे बघतात. देवापुढची पंचामृताची वाटी उचलतात आणि माझं डोकं मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं पाजतात. मध, साखर, दूध. थोड्या वेळानं माझे डोळे ठिकाणावर येतात. "शांत झाली माय, पंचामृतानं शांत झाली," असं कोणीतरी म्हणतं आणि व्हिडिओ संपतो.

मी उठून मशीनवर साखर मोजली तेव्हा, पंचामृत पोटात गेल्यावरसुद्धा, ती खालीच होती. हे मी ओरडून सांगत होते, पण माझं कोणी ऐकत नव्हतं. माणसं माझ्या पाया पडत होती. देवीनं कौल दिला होता. पोट कापायचं म्हटल्याबरोबर मारलं, म्हणजे नाही. आता त्यावर कोण काय बोलणार?

अमरावतीला परतल्यावर मी यजमानांसमोर फोन धरला. पंचामृताची जागा पुन्हा पुन्हा दाखवली.

"तुमाले समजलं होतं," मी म्हटलं. "साखर उतरली हे तुमाले आल्या आल्या समजलं होतं."

त्यांनी फोन बाजूला सारला.

"तथीच काहून नाई सांगितलं?"

"काय सांगू?" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "माह्या बायकोनं माह्या आईले पाडलं, दात हालवले, असं सांगू? भर महालक्ष्म्यांत? देवी हाय म्हणून सारे गप हायेत. देवीच राहू दे!"

मी कुकरचं झाकण उचलून फेकलं. ते फडताळाच्या काचेला लागलं. काचा त्यांच्या पायाशी पडल्या आणि ते अनवाणी त्या तुडवत बाहेर गेले. फरशीवर त्यांच्या पावलांचं रक्त होतं. ते पुसताना मला कळलं की माणूस खरं तेच बोलला. ती देवी होती असं म्हटलं तर माझं ऑपरेशन गेलं. मी होते असं म्हटलं तर सासूला पंगतीत आडवी करणारी सून मी. तीही कोण, जिचा हात लवकर उठतो हे अख्ख्या गोताला माहीत आहे. साखरेवर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, इतक्या वर्षांचं मनातलं काढलं.

आणि मनात काहीच नव्हतं, असं मी छातीला हात लावून म्हणू शकत नाही. तो व्हिडिओ मी एकटीनं पुष्कळदा बघितला. चापट बसते तिथे मला वाईट वाटलं, लाज वाटली, आणि बरंही वाटलं. हे बरं वाटणं मला सर्वांत भयंकर वाटतं. पण होतं ते होतं.

सर्जनबाई सगळं ऐकून माझ्यावरच भडकल्या. सुई आणि घास यांत एवढं अंतर पडलं तर माणूस बेशुद्ध पडतो, मरतो, म्हणाल्या. इन्सुलिन नीट बसेपर्यंत तारीख पुढे ढकलली आणि बजावलं, "घरचं कोणीतरी सोबत पाहिजे. नंतरचे महिने एकट्यानं काढायचे नसतात." नवी तारीख पितृपक्ष संपल्यावरची होती. यजमानांनी ती ऐकली आणि दुकानात गेले.

एका रविवारी मी एकटीच अकोल्याची बस धरली. पूर्ण वाटभर मनात भांडत होते. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असंही वाटलं.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. भोवती गल्लीतल्या बायका. गाल अजून हिरवा-पिवळा होता आणि त्यांनी तो पदराबाहेर ठेवला होता. एक म्हातारी त्या गालाला बोटं लावून ती स्वतःच्या डोळ्यांना लावत होती. दुसरीनं नातीला आणलं होतं, तिचं लग्न जमत नव्हतं. "मायचा हात लागला हाय या गालाले," सासूबाई सांगत होत्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्या घरात त्यांचं बोलणं कोणी पुरतं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही. सासरे ऐकत नव्हते, मुलं शब्द मोडत नव्हती पण बसून ऐकतही नव्हती, मी तर फोन फेकायचे. आता गल्ली ऐकत होती. मी त्यांचं काय हिसकावायला आले होते, ते मला समोर दिसत होतं.

मला बघून बायका लगबगीनं माझ्याही पाया पडल्या आणि गेल्या. आम्ही दोघीच आत आलो.

"आई, थे देवी नव्हती," मी म्हटलं.

"गप. असं बोलू नाई."

"साखर उतरली होती माही. सुई घेतली अन् जेवाले उशीर झाला. असं झालं की माणूस पिसाळते, त्याले काही समजत नाई. पण हात माहाच होता. मी मारलं तुमाले."

त्यांचा हात गालाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तू मारलं?"

"हो."

"मी पाया पडली तुह्या. तोंडातून रगत गळून राहिलं होतं अन् मी पाया पडली."

"हो, आई."

त्यांनी मारलं. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. पाटलीची कड कानाखाली लागली आणि डोकं भिंतीवर आपटलं. माझा हात आपोआप वर आला, खांद्यापर्यंत आला. तो मी दुसऱ्या हातानं धरला आणि खाली दाबला. त्यांनी ते पाहिलं. आणखी एक मारली. मी हात धरूनच उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी मार खाऊन परत मारलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दुखण्याचं होतं आणि दुखतंय याचं बरंही वाटत होतं.

त्या धापा टाकत होत्या. माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं, "आता आली का देवी?"

"नाई. मीच हाय."

त्या खाली बसल्या. त्यांनी आपला तळहात चोळला. मग म्हणाल्या, "देवीनंबी नाई म्हटलं म्हणून मी अडून बसली होती. देवी नव्हतीच त नाई कोनं म्हटलं?" आणि खालच्या आवाजात, "गल्लीत नको सांगू पण."

"नाई सांगत."

तेवढ्यात दाराशी शेजारीण आली. हातात कुंकवाचा करंडा होता, गालाला लावायला आणलेला. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझा गाल सुजत चालला होता, कानाखाली रक्त होतं.

"अवं माय! सूनबाईले काय झालं?"

मी तोंड उघडणार तोच सासूबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेतला, ताठ उभ्या राहिल्या आणि डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या,

"आता माह्या अंगात आली होती देवी. हिले दोन ठेवून देल्ल्या अन् म्हने, कायले टाळून राहिली? जाय, पोटाचं ऑपरेशन करून घे. अन् लेकाले म्हना, बायकोच्या संग जाय."

शेजारणीनं करंडा खाली ठेवला, वाकली आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं टेकवलं.